लोकांचे मुखत्यार

ठाणें शहराची हद्द मागें टाकून बेलापुरच्या रस्त्यास लागलें, म्हणजे नव्या मुंबईचें जें पहिलें गांव लागतें तें दिघा. पूर्वेस पारसिकचा डोंगर, पश्चिमेस खाडी, आणि या दोहोंमधील चिंचोळ्या पट्टींत आगगाडीचे रूळ, हमरस्ता, कारखाने व माणसांचीं घरें हीं सर्व एकमेकांस खेटून उभीं आहेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालीं झाली, व त्यानंतर ठाणें-बेलापुर पट्ट्यांत कारखाने उभे राहूं लागले. कारखान्यांच्या मागोमाग घाटावरून, कोंकणांतून, मराठवाड्यांतून आणि थेट उत्तर हिंदुस्थानांतून कामकरी आले, आणि ज्यास जेथें जागा मिळाली तेथें त्यानें बिऱ्हाड थाटलें. १९७० सालीं सिडको स्थापन झाली; १९९२ सालीं नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वांत आली; १२ जानेवारी २०२४ रोजीं दिघा गांव या नांवाचें रेल्वे-स्थानकही सुरू झालें. इतकें सर्व झालें तरी दिघ्यांतील एक साधा प्रश्न सुटावयास फार कठीण आहे. तो असा : आपण उभे आहों ती जमीन कोणाची?

हा प्रश्न पोरकट वाटेल, पण तो तसा नाहीं. येथील कांहीं जमीन औद्योगिक महामंडळाची, कांहीं सिडकोची, तर कांहीं मूळ गांवठाणांतील. नळाचें पाणी आणि कचरा यांची व्यवस्था महानगरपालिकेकडे. पण उद्योगक्षेत्राच्या हद्दींत इमारत बांधण्यास परवानगी देण्याचा अधिकार महामंडळाचा. घर घेऊं पाहणाऱ्या साध्या गृहस्थास यांतील भेद कोणीं समजावून सांगावा? पुष्कळांनीं विजेचें बिल पाहिलें, दस्त नोंदविला, आणि आतां सर्व कांहीं कायद्याप्रमाणें झालें अशा समजुतीनें आयुष्याची पुंजी बांधणाऱ्याच्या हातीं ठेवली. वास्तविक दस्ताची नोंदणी झाली म्हणजे व्यवहार झाल्याची नोंद होते. इमारतीस परवानगी होती असें त्यावरून मुळींच ठरत नाहीं. त्यासाठीं बांधकाम-प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र हे निराळे कागद पाहावे लागतात.

पुढें काय झालें तें या भागांतील थोरामोठ्यांस ठाऊक आहे. मुंबई उच्च न्यायालयांत जनहितयाचिका दाखल झाली. महामंडळाच्या व सिडकोच्या जमिनींवर परवानगीवांचून उभ्या राहिलेल्या दिघ्यांतील ९९ इमारतींचा प्रश्न न्यायालयापुढें आला, व २०१५ सालीं त्यांवर कारवाई करण्याचा हुकूम झाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत पाडकामास आरंभ झाला. रहिवासी रस्त्यावर उतरले. अशा बांधकामांस अभय देण्याचें एक धोरण राज्य सरकारनें पुढें मांडलें, परंतु तें न्यायालयानें २०१६ सालीं अमान्य केलें. न्यायालयाचा निर्णय कायद्यास धरून होता, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. तथापि एक गोष्ट मनास लागल्यावांचून राहत नाहीं. एक इमारत बांधावयास एक रात्र पुरत नाहीं, आणि ९९ इमारतींस तर कित्येक वर्षें लागतात. तेवढ्या वर्षांत, हा मजला कोणाच्या परवानगीनें चढत आहे, हें योग्य त्या कचेरींत जाऊन, लेखी, वेळेवर आणि पुनःपुन्हां विचारणारीं माणसें येथें पुरेशीं असतीं, तर कित्येक कुटुंबांचीं भांडीकुंडीं रस्त्यावर आलीं नसतीं.

असें विचारणें हेंच ज्यांनीं आपलें जीवितकार्य मानिलें, अशा माणसांविषयीं या लेखांत कांहीं सांगावयाचें आहे. हे लोक सरकारी नोकर नव्हेत, व्यापारी नव्हेत, आणि निवडणुकीस उभे राहणारे पुढारीही नव्हेत. लोकहितासाठीं चालविलेल्या, नफा न घेणाऱ्या संस्थांमध्यें ते काम करितात. राज्यकारभाराची माहिती मिळवावी, ती पडताळावी, लोकांस समजेल अशा भाषेंत मांडावी, आणि कारभार करणाऱ्यांस तिच्या आधारें प्रश्न विचारावे, असें त्यांच्या कामाचें स्वरूप असतें. हा धंदा परदेशांतून आपल्याकडे नुकताच आला असें पुष्कळांस वाटतें. परंतु महाराष्ट्रांत त्याचें मूळ दीडशें वर्षांहून जुनें आहे, आणि तें पुण्यांत सांपडतें.

पुण्याच्या पर्वतीवरील देवस्थानाच्या कारभाराविषयीं १८७० च्या सुमारास लोकांत बराच असंतोष माजला होता. तक्रारी पुष्कळ होत्या, पण सर्वांच्या वतीनें बोलणार कोण, ही अडचण होती. त्यांतूनच २ एप्रिल १८७० रोजीं सार्वजनिक सभा जन्मास आली. तिचे प्राण म्हणजे वकील गणेश वासुदेव जोशी. सभेचें काम त्यांनीं इतकें अंगीं लावून घेतलें, कीं त्यांचें स्वतःचें नांव मागें पडून ते ‘सार्वजनिक काका’ या नांवानेंच ओळखले जाऊं लागले. १८७७ सालच्या दिल्लीदरबारास ते सभेच्या वतीनें गेले, ते हातानें कातलेल्या सुताच्या जाड्याभरड्या खादीचा पोषाख करून. राजेरजवाड्यांच्या जरतारी मेळ्यांत तो पोषाख कसा दिसला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

परंतु सार्वजनिक काकांच्या खादीपेक्षांही सभेचा एक नियम मला अधिक मोलाचा वाटतो. सभासद होऊं इच्छिणाऱ्यास निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणून दाखवावें लागे. मुखत्यार म्हणजे दुसऱ्याच्या वतीनें काम करण्याचा ज्यास लेखी अधिकार मिळाला आहे तो. कोर्टांतील आणि शेतखतांतील हा शब्द काकांनीं उचलून सार्वजनिक कामांत आणिला. “आम्ही लोकांच्या वतीनें बोलतों” असें म्हणणारे त्या काळींही थोडे नव्हते, पण “कोणत्या लोकांच्या वतीनें? त्यांच्या सह्या दाखवा,” असें स्वतःच्याच सभासदांस विचारणारी ही सभा निराळी होती. आरंभींच्या ९५ सभासदांच्या पाठीशीं सुमारें ६,००० लोकांचीं अशीं मुखत्यारपत्रें होतीं. मतदानाचा हक्क म्हणजे काय हें ज्या देशांत कोणास माहीत नव्हतें, तेथें ही गोष्ट झाली हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

अधिकार मिळाला, पण त्या अधिकारानें करावयाचें काय? येथें न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें मार्गदर्शन उपयोगीं पडलें. ते १८७१ सालीं न्यायखात्यांतील नोकरीवर पुण्यास आले, आणि सभेच्या कामास निराळेंच वळण लागलें. नुसता अर्ज करून भागत नाहीं. अर्जांत जें लिहावयाचें तें आधीं जाऊन पाहिलें पाहिजे, मोजलें पाहिजे, लिहून ठेविलें पाहिजे, ही शिस्त सभेनें अंगीं बाणविली. दक्षिणेंतील व कोंकणांतील शेतकऱ्यांची स्थिति, जमीनमहसुलाचा बोजा, यांविषयीं सभेच्या समितीनें माहिती गोळा केली. १८७६-७७ च्या घोर दुष्काळांत तर सभेनें आपलीं माणसें निरनिराळ्या जिल्ह्यांत धाडलीं. अमुक तालुक्यांत धान्याचा भाव काय, पाणी कोठें आटलें, दुष्काळी कामांवर मजुरी किती मिळते, याचे वृत्तांत तीं पुण्यास पाठवीत, व तेथून ते सरकाराकडे जात. तारेनें व टपालानें आलेल्या या कागदांत रडगाणें कमी असे आणि आंकडे अधिक असत. १८७८ पासून सभेनें आपलें त्रैमासिक पुस्तकही चालू केलें.

आंकड्यांची गोष्ट निघाली म्हणून एका शिक्षकाचें नांव सांगितलें पाहिजे, आणि शाळेच्या वार्षिकांत तर तें आवर्जून सांगितलें पाहिजे. त्यांचें नांव गणेश वेंकटेश जोशी. हे सार्वजनिक काका नव्हेत. नांवाच्या साम्यामुळें पुष्कळांची गफलत होते. हे सरकारी शाळाखात्यांतील शिक्षक, पुढें मुख्याध्यापक झाले. दिवसा मुलांस शिकवावें आणि उरलेल्या वेळांत सरकारी अहवालांतील जमाखर्चाचीं कोष्टकें चाळावीं, असा त्यांचा क्रम. गोपाळ कृष्ण गोखले यांस हिशोबाचे कागद वाचावयास शिकविणाऱ्यांत रानड्यांच्या खालोखाल या मुख्याध्यापकांचें स्थान आहे. १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें गोखल्यांनीं साक्ष दिली, आणि १९०२ सालीं कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें, तेव्हां त्यांच्या शब्दांमागें जोशीबोवांची मेहनत उभी होती. रुपयाच्या किंमतींतील फरकामुळें सरकारी तिजोरींत शिल्लक दिसते, पण ती प्रजेच्या भरभराटीची खूण नव्हे, हें गोखल्यांनीं आंकड्यांनिशीं दाखविलें, व मिठावरील कर कमी करावा असा आग्रह धरिला. पुढील वर्षीं, म्हणजे १९०३ सालीं, तो कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. गरिबाच्या भाकरीबरोबरच्या मिठापर्यंत ज्याचा परिणाम पोंचला, तें काम कोष्टकें चाळण्यापासून सुरू झालें होतें.

परंतु याच गोखल्यांच्या आयुष्यांत एक कडू प्रसंग आला होता, आणि तो गाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग होता. घरें तपासण्याचें काम गोऱ्या सोल्जरांकडे दिलें होतें, व त्यांच्या वर्तनाविषयीं शहरांत संताप होता. गोखले त्या वेळीं साक्षीसाठीं इंग्लंडांत होते. पुण्याच्या विश्वासू मित्रांचीं पत्रें त्यांस आलीं; सोल्जरांनीं स्त्रियांची अब्रू घेतल्याचा आरोप त्यांत होता. गोखल्यांनीं तो विलायतेंत जाहीर केला. सरकारनें पुरावा मागितला. इकडे २२ जूनच्या रात्रीं रँड साहेबावर गोळी झाडली गेली होती, व पुण्याची हवा भयानें गोठून गेली होती. गोखले परत आले तेव्हां पत्रें लिहिणाऱ्यांपैकीं साक्ष देण्यास कोणीही पुढें येईना. आपल्या विधानास आधार देतां येत नाहीं असें दिसतांच गोखल्यांनीं गव्हर्नर सँडहर्स्ट यांची व सोल्जरांची बिनशर्त माफी मागितली.

त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. कांहींनीं त्यांस भित्रे म्हटलें, कांहींनीं देशद्रोही म्हणावयासही कमी केलें नाहीं. पुण्यांत प्लेगच्या वेळीं जुलूम झाला नव्हता असें या माफीवरून कोणींही समजूं नये. जुलूम झाल्याच्या तक्रारी पुष्कळ व गंभीर होत्या. पण जो आरोप आपण केला तो आपणांस सिद्ध करितां येत नाहीं, एवढें कबूल करण्याचें धैर्य गोखल्यांनीं दाखविलें, आणि त्याची किंमत आपल्या लौकिकानें भरून दिली. पुढच्या साथींत ते स्वतः स्वयंसेवक होऊन प्लेगच्या कामावर हिंडले. माझ्या मतें त्या माफीनें गोखल्यांस लहान केलें नाहीं. मात्र ऐकीव आणि पडताळलेलें यांत किती अंतर असतें, हें त्यांनीं जसें जन्मभर लक्षांत ठेविलें, तसें क्वचितच कोणीं ठेविलें असेल.

आठ वर्षांनीं, १२ जून १९०५ रोजीं, त्यांनीं पुण्यांत भारत सेवक समाज स्थापन केला, तो या अनुभवाची जाण ठेवूनच. उत्साह पुष्कळांपाशीं असतो. शिकून तयार झालेला सार्वजनिक कार्यकर्ता मिळत नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून समाजांत येणाऱ्यास पांच वर्षें उमेदवारी करावी लागे. त्या काळांत अभ्यास करावा, देश पाहावा, आणि लौकर बोलूं नये. सभासद सात प्रतिज्ञा घेत. देशाचा विचार प्रथम करीन; जातपात व धर्म न पाहतां सर्वांस बंधु मानीन; समाज माझ्या व माझ्या कुटुंबाच्या निर्वाहासाठीं जें देईल त्यांत संतोष मानून स्वतःसाठीं द्रव्यार्जन करणार नाहीं; कोणाशीं वैयक्तिक भांडण करणार नाहीं; अशा तऱ्हेच्या त्या प्रतिज्ञा होत्या. भांडणाविषयींची प्रतिज्ञा वाचून हसूं येतें, कारण सार्वजनिक कामांतील निम्मा वेळ भांडणांतच जातो.

या समाजांतून जीं माणसें निघालीं त्यांची नुसती नांवें सांगावयासही जागा पुरणार नाहीं. नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि चाळींतील गिरणीकामगारांसाठीं रात्रशाळा व वाचनालयें चालविलीं. गोपाळ कृष्ण देवधर यांनीं रमाबाई रानडे यांच्याबरोबर पुण्याची सेवासदन संस्था वाढविली. अमृतलाल ठक्कर, म्हणजेच ठक्कर बाप्पा, हे तर मुंबई म्युनिसिपालिटींतील इंजिनिअर. शहराचा कचरा वाहून नेणाऱ्या कुर्ल्याकडील छोट्या रेल्वेवर त्यांची देखरेख होती. कचरा उपसणाऱ्या माणसांची वस्ती त्यांनीं तेथें डोळ्यांनीं पाहिली, व १९१४ सालीं नोकरी सोडून ते समाजांत दाखल झाले. १९३० सालीं समाजाच्या आश्रयानें पुण्यांत गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनीं पुणें शहरांतील कुटुंबांची घरोघर पाहणी करविली. कोणाच्या घरांत किती माणसें, मिळकत किती, मुलें शाळेंत जातात कीं कामावर, हें दारोदार विचारून लिहून घेण्याचें काम ज्या तरुणांनीं केलें, त्यांचीं नांवें आज कोणास आठवत नाहींत.

आजच्या काळांतील याच जातीची एक संस्था मुंबईंत आहे. तिचें नांव प्रजा फाउंडेशन. गेल्या शतकाच्या अखेरीस ती निघाली. १९९९ सालीं मुंबई महानगरपालिकेची नागरिकांची सनद तयार करण्यांत तिचा हात होता. कोणत्या कामासाठीं कोणाकडे जावें व तें किती दिवसांत व्हावें, हें सनदेंत लिहिलेलें असतें. पुढें तिनें नगरसेवकांचीं व आमदारांचीं प्रगतिपुस्तकें काढण्यास आरंभ केला. तुमच्या प्रगतिपुस्तकांत जशी हजेरी व गुण असतात, तशी या पुस्तकांत सभागृहांतील हजेरी, विचारलेले प्रश्न, त्यांचा दर्जा, अशी नोंद असते. आपलें प्रगतिपुस्तक वडिलांस दाखवितांना आपणांस जो घाम फुटतो, तो मोठ्यांसही फुटत असला पाहिजे!

अशा संस्थेंत काम करणाऱ्या तरुण-तरुणींचा दिवस कसा जातो, याविषयीं मुलांच्या मनांत चमत्कारिक कल्पना असतात. मोर्चे, घोषणा, वर्तमानपत्रांतील छायाचित्रें हीं त्यांच्या डोळ्यांपुढें येतात. वस्तुतः त्यांचा बहुतेक काळ कागदांत जातो. माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज लिहावा. उत्तर अपुरें आलें तर अपील करावें. आलेल्या शेंकडों पानांतील आंकडे कोष्टकांत भरावे. गेल्या वर्षीच्या आंकड्यांशीं ताडून पाहावे. जुळले नाहींत तर पुन्हां कचेरींत जावें, आणि तेथील कारकुनाशीं गोड बोलावें, कारण तोही कामाच्या ढिगाखालीं दबलेला असतो. यांतून वर्षाअखेरीस एक अहवाल निघतो, आणि वर्तमानपत्रांत त्यांतील चार ओळी येतात. पगार बेताचा. उपकार मानणारे थोडे. ज्याचें प्रगतिपुस्तक वाईट निघालें तो तर हटकून विचारतो, “तुम्हांस पैसे कोण देतो?” हा प्रश्न रागानें विचारिला जात असला तरी रास्तच आहे. जी संस्था दुसऱ्याचा हिशोब मागते तिनें स्वतःचा हिशोब उघडा ठेविला पाहिजे, आणि पन्नास सह्यांचा जुना नियम आतां राहिला नसल्यामुळें तर हें अधिकच जरूर आहे. सार्वजनिक काकांच्या सभासदास आपण कोणाचे मुखत्यार हें सह्यांनीं दाखवितां येत होतें; आजच्या कार्यकर्त्यास तें आपल्या कामाच्या खरेपणानेंच दाखवावें लागतें.

अशी प्रत्येक गांवास पुरेल एवढीं माणसें कोणत्याच संस्थेपाशीं नाहींत, आणि प्रगतिपुस्तकास तरी निवडलेला प्रतिनिधि लागतोच. नव्या मुंबईंत २०२० च्या मे महिन्यांत महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्यें झाली. मधलीं साडेपांच वर्षांहून अधिक वर्षें कारभार प्रशासकाच्या हातीं होता. दिघ्यांतील गृहिणीस पाण्याची तक्रार सांगावयास वॉर्डाचा नगरसेवकच नव्हता. तेव्हां हें मुखत्यारीचें काम थोडेंबहुत ज्याचें त्यासच करावें लागतें. तें कसें करितात तेवढें सांगून लेख पुरा करितों.

माहितीच्या अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर पूर्णपणें अंमलांत आला. महाराष्ट्रांत त्याआधींच असा एक कायदा झालेला होता. अर्ज साध्या कागदावर मराठींत लिहावा. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणें एका अर्जांत एकच विषय असावा, व मजकूर १५० शब्दांहून अधिक नसावा. दहा रुपयांचा कोर्ट-फी स्टँप लावावा. दारिद्र्यरेषेखालील माणसास ही फीही माफ आहे. माहिती कशासाठीं पाहिजे हें सांगण्याची जरूर नाहीं. “आमच्या भागांत अन्याय होत आहे” असें लिहून उपयोग नाहीं. “अमुक भूखंडावरील इमारतीस बांधकाम-प्रारंभ प्रमाणपत्र दिलें आहे काय, दिलें असल्यास त्याची नक्कल मिळावी,” असें लिहावें. पहिल्या वाक्यास कचेरी सहानुभूति दाखवूं शकते. दुसऱ्यास तिला उत्तरच द्यावें लागतें. उत्तराची मुदत तीस दिवसांची. उत्तर आलें नाहीं तर पुढील तीस दिवसांत त्याच कचेरींतील वरिष्ठाकडे पहिलें अपील, व त्यानेंही समाधान झालें नाहीं तर राज्य माहिती आयोगाकडे दुसरें.

दिघ्यासारख्या ठिकाणीं अर्ज धाडावा कोणाकडे, हा प्रश्न राहतोच. महामंडळ, सिडको, महानगरपालिका, कीं तहसीलदार? कायदा करणाऱ्यांनीं याचाही विचार करून ठेविला आहे. अर्ज चुकीच्या कचेरींत गेला तरी ती कचेरी तो परत करूं शकत नाहीं. ज्या कचेरीपाशीं ती माहिती असेल तिच्याकडे तो अर्ज पांच दिवसांच्या आंत पाठविणें, आणि तसें पाठविल्याचें अर्जदारास कळविणें, हें तेथील माहिती अधिकाऱ्याचें कर्तव्य आहे.